हॅलोबाई आणि मुका माइक

हॅलोबाईंना कुणी आपणहून काही दिलं, की त्या आधी ते उलटं करून बघायच्या. भाजीवाल्याने पिशवीत वरून एक लिंबू टाकलं, तर घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच, की आज टोमॅटोत याने काय खपवलं असेल. जिन्यात शेजारीण म्हणाली, "बऱ्या आहात ना?" की या थांबून विचारणार, "का? काय ऐकलंत?" दुधाचं पातेलं, गॅसची नळी, दाराची कडी आणि नवऱ्याचं गालातल्या गालात हसणं, या सगळ्यांवर त्यांचा सारखाच डोळा.

हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. कामाने लागला होता. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, साऱ्या गावाचे फोन हाताने जोडायच्या. तार खोचताना एखाददुसरं वाक्य कानावर पडायचंच. एकाच गृहस्थाने घरच्या फोनवर "निघालोच बघ" म्हणायचं आणि लगेच दुसरीकडे जोडून घेऊन "माझी पानं वाटून ठेवा रे" म्हणायचं, हे ज्या बाईने उमेदीची वर्षं ऐकलं, तिने कशावर विश्वास ठेवायचा? सोसायटीतल्या पोरांनी 'हॅलोबाई' नाव पाडलं, कारण त्या दारावरची बेल वाजली तरी आतून "हॅलो, कोण?" असंच म्हणायच्या. आणि दार साखळीपुरतंच उघडायच्या.

एक्स्चेंजची आणखी एक सवय अंगात मुरली होती. तिथं पाळी बदलली, की एकीच्या डोक्यावरचा हेडफोन दुसरीच्या डोक्यावर चढायचा. आधीची बाई कच्चा कांदा खाऊन आलेली असायची, नाहीतर तिला कायमची सर्दी. म्हणून प्रत्येकीने तोंडाजवळच्या नळीला घालायची कापडी खोळ शिवलेली असायची. पाळीवर आलं की घालायची, जाताना काढून घरी न्यायची, धुवायची. खोळ न घालता बसणाऱ्या मुलीला बाकीच्या म्हणायच्या, "हिला दुसऱ्याच्या तोंडचं चालतं बाई."

एक्स्चेंज बंद पडलं, यंत्रं आली. पुढं काही वर्षं एका कारखान्याच्या रिसेप्शनला काढून हॅलोबाई घरी बसल्या, आणि मग त्यांना हे लिफ्टचं काम मिळालं.

काम असं. लिफ्टमध्ये माणूस अडकला, की तो आतलं लाल बटण दाबतो. ती हाक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीकडे जाते, आणि कंपनी ती हॅलोबाईंच्या मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर सोडते. पडद्यावर इमारतीचा पत्ता येतो. हॅलोबाईंनी मेकॅनिक पाठवायचा आणि तो येईपर्यंत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं. दार उघडेपर्यंत लाइन सोडायची नाही. दुपार ते संध्याकाळ ही त्यांची शिफ्ट.

यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आवाज जाडसर, खाली बसलेला, कसली घाई नसलेला. रडकुंडीला आलेल्या माणसाला त्या "घाबरू नका" असं कधीच म्हणायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "घरात गॅसवर काही ठेवून आलात का?" माणूस लिफ्ट विसरायचा आणि गॅसचा विचार करायला लागायचा. घरात त्यांचं बोलणं कुणी ऐकून घेत नव्हतं. इथं मात्र त्यांच्या आवाजावर माणसं श्वास सोडत होती. हे काम गेलं असतं तर दिवसभर भिंतींशी बोलायची पाळी होती, आणि भिंतींवरही त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

सुरुवातीला वायरवाला हेडसेट होता. मग एक दिवस कंपनीने बिनवायरचा पाठवला. सोबत लॅपटॉपला खोचायचा नखाएवढा डोंगल.

"जुना चालतोय की," हॅलोबाई म्हणाल्या. "मग नवा कशाला?"

"अगं, दिलाय तर घे," नवरा म्हणाला.

"दिलाय म्हणूनच विचारतेय."

पण हेडसेट चांगला निघाला. कानाला मऊ, आणि तोंडाजवळ येणारी दांडी वेताची असावी तशी हलकी. त्या तो घालून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायच्या. सगळं बरं चाललं होतं, आणि म्हणूनच त्यांना चैन नव्हतं.

मागच्या खोलीत नणंदबाई झोपायच्या. नवऱ्याची धाकटी बहीण, लेक लग्न होऊन गेल्यापासून एकटी, गुडघ्यांनी बेजार, गेली काही वर्षं यांच्याकडेच. हॅलोबाई त्यांना वन्सं म्हणायच्या, त्या यांना वहिनी. दोघींचं पटत नव्हतं असं नाही. दोघी एकमेकींवर नजर ठेवून सुखाने राहत होत्या.

एके दुपारी हेडसेट कानावर चढवताच हॅलोबाईंना बामाचा वास आला. झणझणीत, डोळ्यात पाणी आणणारा. घरात बाम एकच माणूस लावायचं.

त्यांनी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतं, हा त्यांचा अनुभव. रात्री त्यांनी हेडसेट टेबलाच्या कडेला अशा बेताने ठेवला, की दांडीचं टोक बरोबर लाकडाच्या एका गाठीवर येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी टोक गाठीवरून हललं होतं, आणि वास ताजा होता.

"आलं लक्षात," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वन्संना लेकीशी बोलायला फोन होता. मग माझ्याच हेडसेटमध्ये यांना काय सांगायचं असतं, आणि कुणाला? हा विचार त्यांनी बराच वेळ चघळला. बोलून काही उपयोग नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या जुन्या फ्लॅनेलच्या पायजम्याचा तुकडा काढला, दुहेरी घडी घालून माइकच्या बोंडाला बसेल अशी खोळ शिवली आणि तोंडाशी घट्ट इलॅस्टिक ओवलं. आता वापरा म्हणावं. शिफ्ट संपली की खोळ काढून धुवायची, मागच्या खिडकीच्या दोरीवर वाळत घालायची, दुपारी पुन्हा घालायची. एक्स्चेंजचे दिवस परत आल्यासारखं त्यांना बरंच वाटलं.

त्याच दुपारी पहिली हाक आली. एक बाई आणि तिचा लहान मुलगा, राहत्या इमारतीत अडकलेले.

"हॅलो, मी लिफ्टच्या कंपनीतून बोलतेय. किती जण आहात आत?"

पलीकडून बाईचा आवाज आला. "हॅलो? कोणी आहे का?"

"आहे, आहे. बोला."

"हॅलो?"

"अहो बोलतेय ना मी."

मग मुलाचा आवाज. "आई, तिकडं कोणीच नाहीये."

हॅलोबाईंनी मेकॅनिक पाठवला, तो पोचलाही. पण तोवर त्या बाईचं हुंदके देणं त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि त्यांचा एक शब्द तिकडं पोचत नव्हता. काचेच्या आत अडकलेल्या माशीसारखं झालं. अडकलेलं नेमकं कोण, हेच कळेना.

कंपनीचं एक तांत्रिक खातं होतं. तिथला माणूस सकाळच्या वेळी फोन करायचा. नाक चोंदलेलं, बोलणं वाचून दाखवल्यासारखं. त्याने लांबूनच लॅपटॉपचा ताबा घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तसं हॅलोबाईंनी खुर्ची मागे घेतली.

"हेडसेट चार्ज आहे?"

"आहे."

"दांडीवरचं बटण चुकून दाबलं गेलंय का? तांबडा दिवा दिसतोय?"

"नाही."

"बरं, आता बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

"काहीही बोलायची मला सवय नाही."

पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र एवढ्यावरच उड्या मारायला लागली. "ठणठणीत आहे तुमचा माइक," तो म्हणाला. "बहुतेक लॅपटॉपने स्वतःचाच माइक धरला असेल. मी हेडसेटचा लावून दिलाय."

दुपारी पुन्हा तेच. कुणीतरी पंप बसवणारा गडी अडकला होता. त्याला यांचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं तुटक ऐकू आलं आणि मग तेही बंद. दुसऱ्या सकाळी तांत्रिकवाल्याने हेडसेटची जोडणी काढून नव्याने जोडली. माइक चालू. दुपारी बंद. पुढच्या सकाळी त्याने डोंगल दुसऱ्या भोकात खोचायला लावला, माइक वापरायची परवानगी तपासली, माइकचा ड्रायव्हर प्रोग्रॅम उडवून पुन्हा घातला. माइक चालू. दुपारी बंद.

सकाळी तपासायला माणूस बसला की पोपटासारखा बोलतो, आणि दुपारी खरी हाक आली की मुका. यंत्र असं वागत नाही. असं माणूस वागतं. हॅलोबाईंना आता खात्रीच पटली, की यात कुणाचा तरी हात आहे.

तांत्रिकवाल्यालाही तसंच वाटत होतं. फक्त त्याचा हात वेगळा होता.

"बाई, शिफ्टमध्ये तुम्ही काही वेगळं करता का?"

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे बघा. जरा डोळा लागला, म्हणून म्यूट करून ठेवलं, असं होतं कधी कधी लोकांचं."

हॅलोबाईंनी पडद्यावरच्या बाणाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुमचा तो बाण सकाळी माझ्या पडद्यावर फिरतो ना? तो दुपारी कुठं असतो?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे सकाळी तुम्ही चालू करता. दुपारी कोण बंद करतं, ते विचारतेय."

त्याने नाक ओढलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी शिफ्टच्या मॅडमचा फोन आला. मॅडम गोड बोलायच्या, त्यामुळे हॅलोबाई त्यांच्याशी नेहमीच जपून असायच्या.

"तुमचं काम चांगलं होतं हो," मॅडम म्हणाल्या. त्यातलं 'होतं' हॅलोबाईंनी बरोबर टिपलं. "पण तक्रारी येताहेत, की बटण दाबलं आणि कोणी बोललंच नाही. आता आणखी एक हाक मुकी गेली, तर मला तुमची शिफ्ट काढावी लागेल. तसाही आमच्याकडे रेकॉर्ड केलेला आवाज तयार आहे. 'कृपया शांत राहा, मदत येत आहे.' बऱ्याच ठिकाणी तोच लावतायत आता."

"अस्सं," हॅलोबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघितलंत? आवाज आधीच भरून ठेवलाय. आता फक्त मला मुकी करायची होती."

"कंपनीला एवढा वेळ नसतो गं."

"मग घरातल्या कुणाला तरी असेल."

वन्संच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. "माझ्याकडं बघून बोलू नका वहिनी. नाव घेऊन बोला."

"माझ्या हेडसेटला बामाचा वास येतो."

"मग?"

"मग काय? बाम कोण लावतं?"

"गुडघ्याला लावते मी. गुडघ्यावर हेडफोन घालते की काय?"

"ते तुम्हालाच ठाऊक. सकाळी खोलीत तुम्ही असता. माइक सकाळी चालतो, दुपारी मरतो. मधल्या वेळात तिथं कोण असतं?"

"दादा, ऐकतोयस का तू?"

दादाने पेपर जरा आणखी वर धरला.

वन्सं उठल्या. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, मागच्या खोलीच्या दारात मांडलं. "उद्या सकाळपासून मी इथं बसणार," त्या म्हणाल्या. "खोलीत पाऊल ठेवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला ठेवू देणार नाही. झोपायलासुद्धा बाहेर येते. मग माइक मेला, तर भुताने केलं म्हणा."

"बसा की," हॅलोबाई म्हणाल्या. आणि मनात म्हणाल्या, दारात बसून हिला नक्की काय बघायचंय?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून वन्सं दारात. सकाळी तांत्रिकवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे आता नवीन काही उरलं नव्हतं. त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. हिरवी पट्टी नाचली. वन्सं शेंगा सोलत सगळं बघत होत्या. दुपारी हॅलोबाईंनी दोरीवरून खोळ काढली, झटकली, माइकच्या बोंडावर चढवून इलॅस्टिक नीट बसवलं. वन्संच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण त्या काही बोलल्या नाहीत. आळ घेतलेल्या माणसाने आपणहून कशाला बोलावं?

बराच वेळ कुणीच अडकलं नाही. मग दिवस कलताना हाक आली. जुन्या कचेऱ्यांची इमारत, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली.

"हॅलो, मी लिफ्टच्या कंपनीतून..."

"कोणी आहे का?" म्हातारा आवाज. घोगरा, चिडका.

"आहे हो. ऐकू येतंय का तुम्हाला?"

काही नाही. मग तो म्हातारा स्वतःशीच बोलायला लागला. "कोणी नाही. मला ठाऊकच होतं. नुसतं बटण लावून ठेवतात. पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं."

हॅलोबाईंनी मेकॅनिकला निरोप पाठवला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. इमारतीच्या वॉचमनला मोबाइल लावला. वाजत राहिला.

"तिसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करत उभा जन्म गेला," म्हातारा म्हणत होता. "जावई म्हणतो, दुकान विका. विकून काय करू? तुझ्या घरी येऊन तुझ्या टीव्हीसमोर बसू? आणि हा वॉचमन..." पुढं त्याने वॉचमनला जी शिवी दिली, ती हॅलोबाईंनी एक्स्चेंज सुटल्यापासून ऐकली नव्हती. "कोणाची वाट बघायची? स्क्रूड्रायव्हर आहे खिशात. फट तर दिसतेय. दार फाकवतो आणि खाली उतरतो."

हॅलोबाई उभ्या राहिल्या. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये असताना दार फाकवून उडी टाकणाऱ्याचा पाय खालच्या फरशीवर पडतो, की लिफ्टखालच्या मोकळ्या विहिरीत जातो, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. कामावर घेताना पहिलं हेच शिकवतात. त्या ओरडल्या. डोंगल उपसला, पुन्हा खोचला. माइक निवडायची ती यादी उघडायला गेल्या, तर बोटं भलतीकडंच पडायला लागली. कानात लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता.

"वहिनी," दारातून वन्सं म्हणाल्या, "त्याचं टोपडं काढा."

"काय?"

"माइकचं टोपडं. सकाळी तो माणूस तपासतो तेव्हा ते दोरीवर वाळत असतं. दुपारी तुम्ही घालता. घातलं की मुका होतो."

खरं सांगायचं तर त्या घडीलाही हॅलोबाईंच्या मनात आधी हेच आलं, की हिला माझ्या खोळीचं एवढं काय पडलंय. खोळ निघावी म्हणून तर नाही ना हा सगळा घाट? त्यांनी वन्संकडं बघितलं. वन्सं स्टुलावरून उठल्या होत्या, पण पाय अजून उंबऱ्याच्या बाहेरच होते. कानात काहीतरी कट्‌कन वाजलं.

हॅलोबाईंनी खोळ ओढली. इलॅस्टिक तुटलं. "आता बोला," वन्सं दारातून पुटपुटल्या.

"दाराला हात लावू नका."

घासण्याचा आवाज थांबला. "कोण?"

"मी लिफ्टच्या कंपनीतून बोलतेय. माणूस निघालाय. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, खाली पोकळी आहे. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा."

म्हातारा खाकरला. मग म्हणाला, "हे रेकॉर्डिंग आहे."

"नाही हो."

"'नाही हो' पण रेकॉर्ड करता येतं."

"मग काय बोलू म्हणजे पटेल तुम्हाला?"

"असं काहीतरी बोला, जे आधी भरून ठेवता येणार नाही."

हॅलोबाई खुर्चीत टेकल्या. "बटणाला तुम्ही खुळखुळा म्हणालात. जावई दुकान विका म्हणतो. त्याच्या टीव्हीसमोर तुम्हाला बसायचं नाही. आणि वॉचमनच्या आईबद्दल जे बोललात, ते मी परत म्हणणार नाही, पण ऐकलंय."

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकत होतात."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होते. तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

"हे मी कसं मानू?"

"नका मानू. दार उघडेपर्यंत यावरच भांडू आपण. पण भांडताना खाली बसा. आणि मला सांगा, दुकानातला दिवा बंद करून निघालात का?"

"केला," म्हातारा म्हणाला. मग जरा वेळाने, "केला असणार." मग आणखी जरा वेळाने, "तुम्ही हे मुद्दाम विचारलंत."

"हो."

मेकॅनिक येईपर्यंत दोघं भांडत राहिले. दार उघडल्याचा आवाज आला, म्हातारा मेकॅनिकला "ओळखपत्र दाखव" म्हणाला, आणि लाइन बंद झाली.

हॅलोबाईंनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. वन्सं स्टुलावर बसून शेंगांची टरफलं गोळा करत होत्या.

"तुम्हाला दुपारीच दिसलं होतं," हॅलोबाई म्हणाल्या.

"दिसलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा बोलले असते, तर तुम्ही म्हणाला असता, हिनेच केलंय, म्हणून हिला ठाऊक."

हॅलोबाई अगदी हेच म्हणाल्या असत्या. तरी एक काटा राहिलाच होता. "पण मग तो बामाचा वास?"

बाहेरच्या खोलीत पेपरमागून खोकल्याचा आवाज आला. दोघींनी तिकडं बघितलं.

"मान धरते माझी," नवरा म्हणाला. "हिचा बाम घेतो मी अधूनमधून."

"आणि हेडसेट?"

"सकाळी घालून बसतो जरा."

"कशाला? तुम्हाला कुणाशी बोलायचं असतं?"

"बोलायचं नसतं गं. तो कानावर घातला, की तुम्हा दोघींचं काही ऐकू येत नाही."

वन्संनी टरफलांचा पसा भरून त्याच्या पेपरवर ओतला आणि आत निघून गेल्या.

सकाळी फोनवर मॅडम आणि तांत्रिकवाला दोघं होते. संध्याकाळची हाक मॅडमनी ऐकली होती, सगळ्या हाका भरून ठेवलेल्या असतात. "शेवट चांगला झाला," त्या म्हणाल्या. "पण सुरुवातीला तुम्ही पुन्हा मुक्या होता. मग एकदम तुमचा आवाज येतो. त्याच्या अगदी आधी मागे कुणी तरी पुटपुटल्यासारखं आहे. बाईचा आवाज वाटतो. शिफ्टमध्ये खोलीत दुसरं कुणी असायला परवानगी नाही, ठाऊक आहे ना? कोण होतं?"

टीव्ही चालू होता, असं म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर तयारही होतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे वन्संचा कान इकडं होता. हॅलोबाईंनी खिशातली खोळ बाहेर काढली, हातात चुरगळली.

"माझी नणंद होती," त्या म्हणाल्या. "खोलीत नव्हती, दारात होती. माझा हेडसेट तीच बिघडवते असा मी तिच्यावर आळ घेतला, म्हणून ती पहाऱ्याला बसली होती. तिने काही केलेलं नव्हतं. तिनेच चूक दाखवली. चूक माझी होती. मी माइकला कपडा घालत होते."

"कपडा?"

त्यांनी एक्स्चेंजची सवय सांगितली, कांदा सांगितला, फ्लॅनेलची दुहेरी घडी सांगितली. कुठंच काही झाकलं नाही.

"मला नाही पटत," मॅडम म्हणाल्या. "कपड्याने आवाज बारीक होईल. बंद कसा होईल?"

"होईल," चोंदलेलं नाक म्हणालं. त्याचा आवाज पहिल्यांदाच जागा झाल्यासारखा वाटला. "त्या बोंडाला दोन भोकं असतात, एक ओठांकडं, एक बाहेर. बाहेरच्याने आसपासचा गोंगाट ऐकायचा. दोन्हीकडं जे सारखं येईल तो गोंगाट समजून तो टाकून द्यायचा, असं यंत्राला शिकवलेलं असतं. दोन्ही भोकं जाड कपड्यात बांधली, तर बाईंचा आवाज दोन्हीकडं सारखाच दबका पोचणार. त्याने बाईंनाच गोंगाट समजून टाकून दिलं."

"छान," हॅलोबाई म्हणाल्या. "घरचे करतात तेच यंत्राने केलं."

"तरी मला बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

हॅलोबाईंनी हेडसेट चढवला, खोळीला गाठ मारून ती बोंडावर घट्ट बांधली आणि बोलायला लागल्या. चांगलं मोठं वाक्य बोलल्या. स्वयंपाकघरात वन्संना जोराचा ठसका लागला, तो हसण्याचा होता. मग त्यांनी खोळ सोडली. "आता?"

"आता येतंय," मॅडम म्हणाल्या. "मधलं काहीच नाही आलं. काय बोललात?"

"काही विशेष नाही."

मॅडमना ते विशेष नव्हतं हे पटलं नाही, पण माइकचं पटलं. "शिफ्ट राहू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दार लावून बसायचं. आणि मी मधून मधून लाइनवर येऊन ऐकणार आहे. सांगून येणार नाही."

"या की," हॅलोबाई म्हणाल्या. न सांगता ऐकणारं माणूस त्यांना गोड बोलणाऱ्यापेक्षा जास्त समजत होतं.

स्वयंपाकघरात वन्सं ओट्याकडं तोंड करून उभ्या होत्या. हॅलोबाई म्हणाल्या, "वन्सं, चुकलं माझं."

"फोनवर ऐकलं मी," वन्सं म्हणाल्या. "समोर म्हणायला दुसऱ्यांना सांगून झाल्यावर आलात." पण त्यांनी यांच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला. हॅलोबाईंनी तो सवयीने आधी हुंगला, आणि वन्संची नजर आहे हे दिसल्यावर घाईघाईने प्यायल्या. जीभ भाजली.

त्या दुपारी दार लावून हॅलोबाई शिफ्टवर बसल्या. माइकचं बोंड उघडंच होतं आणि ओठांना ते कसंसंच वाटत होतं. थोड्याच वेळात हाक आली. पडद्यावर पत्ता तोच, जुन्या कचेऱ्यांची इमारत.

"हॅलो, मी लिफ्टच्या कंपनीतून बोलतेय. कोण अडकलंय?"

"तुम्हीच का कालच्या?" घोगरा आवाज.

"हो. कुठल्या मजल्यावर अडकलात?"

"अडकलो नाही. तळमजल्यावर आहे. दार उघडंच आहे."

"मग बटण का दाबलंत?"

"बघितलं, खरंच कोणी असतं का."

"अहो, ते अडकल्यावर दाबायचं असतं."

"अडकल्यावर कळून काय उपयोग?" म्हातारा म्हणाला.

त्याच्या जागी हॅलोबाईंनीही हेच केलं असतं. पडद्यावर हाकेचं कारण भरायची चौकट उघडली होती. 'चुकून दाबलं' लिहिलं असतं तर चाललं असतं, पण कदाचित मॅडम ऐकत असतील, आणि चुकून तर काही झालं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'खात्री करून घेतली.'

"झाली का मग खात्री?" त्यांनी विचारलं.

"आजची झाली," म्हातारा म्हणाला. "उद्याचं उद्या बघू."